बोका रुसलाय की आजारी आहे? वागणं बदललं की डॉक्टरकडे कधी न्यायचं

ठाण्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा बोका चार वर्षांचा, नसबंदी झालेला, घराबाहेर कधी न जाणारा. महिन्याभरापूर्वी सासूबाई कायमच्या राहायला आल्या. गेल्या दोन दिवसांपासून बोका पलंगावर आणि बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर थोडी थोडी लघवी करतोय, दिवसभर कपाटामागे बसून राहतो, उचलायला गेलं की गुरगुरतो. खाणं निम्म्यावर आलंय. घरचे म्हणतात, नव्या माणसामुळे रुसलाय, चार दिवसांत ताळ्यावर येईल. आज शनिवार आहे. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं तर चालेल का? आणि मांजराचं वागणं बदललं की किती वाट बघायची, याचा काही ठोकताळा आहे का?

ताई, पुढचं सगळं नंतर वाचा. आधी लिटरची पेटी, म्हणजे त्याची लघवी-शीची वाळूची पेटी, तपासा. गेल्या बारा तासांत त्यात लघवीने भिजलेल्या वाळूचा नेहमीच्या आकाराचा एक तरी गोळा झालाय का? पलंगावरचा ओला डाग तळहाताएवढा होता की रुपयाएवढा? नक्की सांगता येत नसेल तर बोक्याला पेटीसह बाथरूममध्ये ठेवा आणि तासभर तिथेच बसून लक्ष ठेवा. तो पुन्हा पुन्हा पेटीत जातोय, वाकून कुंथतोय, ओरडतोय, मागचा भाग सतत चाटतोय आणि बाहेर थेंब-दोन थेंब किंवा काहीच येत नाही, असं दिसलं तर सोमवारचा विचार सोडून द्या. आत्ता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या. निघण्याआधी फोन करून एवढंच सांगा: बोका आहे, लघवी होत नाहीये. हे ऐकल्यावर कुठलाही पशुवैद्य तुम्हाला रांगेत बसवणार नाही.

एवढी घाई का, ते सांगते. बोक्याचा मूत्रमार्ग लिंगाच्या टोकाशी फार अरुंद होतो. मूत्राशयाला सूज आली की तिथे चिकट द्रव आणि पेशींचा चुरा तयार होतो, त्यात बारीक क्षारांचे कण मिसळतात आणि त्या अरुंद जागी बूच बसतं. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, म्हणून तिला हा त्रास जवळजवळ होत नाही. बोक्याची लघवी पूर्ण तुंबली की मूत्रपिंडांना रक्त साफ करता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. सुरुवातीला बोका बेचैन असतो, मग खाणं सोडतो, उलट्या करतो, मग गप्प पडून राहतो. घरच्यांना वाटतं, आता शांत झाला, बरं वाटतंय. खरं तर ती सगळ्यात धोक्याची वेळ असते. पूर्ण तुंबल्यापासून २४ ते ४८ तासांत अवस्था गंभीर होते आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका जातो. तुमच्या प्रश्नातल्या 'दोन दिवसांपासून' आणि 'सोमवारी संध्याकाळी' या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, म्हणून मी हे सगळ्यात आधी लिहिलं.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अशा बोक्यांपैकी कितीतरी जण एक दिवस 'बद्धकोष्ठ' समजून घरीच ठेवलेले असतात. कुंथताना दिसतो, म्हणून कुणी तूप चाटवतं, कुणी एरंडेल देतं. लघवीसाठी आणि शीसाठी वाकलेलं मांजर घरच्या माणसाला सारखंच दिसतं. बोका कुंथत असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत ते लघवीचंच आहे असं धरून चला. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न तर चुकूनही करू नका. तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं. आम्ही टेबलावर हलक्या हाताने चाचपतो तेव्हा ते टणक लिंबासारखं, कधी त्याहून मोठं, हाताला लागतं आणि निदान बहुतेक वेळा तिथेच होतं.

पुढे काय होतं हेही माहीत असू द्या, म्हणजे तिथे गेल्यावर घाबरायला होणार नाही. रक्त तपासतात, सलाईन लावतात, हृदयाचे ठोके बिघडले असतील तर त्यावर आधी औषध देतात. मग भूल किंवा गुंगी देऊन मूत्रमार्गात बारीक नळी घालतात, बूच आत ढकलून मूत्राशय धुतात. नळी साधारण एक ते तीन दिवस ठेवावी लागते, तेवढे दिवस बोका दवाखान्यातच. मोकळं झाल्यावर काही बोके इतकी लघवी करतात की सलाईन कमी पडलं तर शरीर कोरडं पडतं, म्हणून 'नळी घातली, घरी नेऊ का' असा आग्रह धरू नका. घरी आल्यावर पहिले काही दिवस पुन्हा अडकण्याची भीती जास्त असते. वारंवार अडकत असेल तर मूत्रमार्गाचं तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया आहे. खर्च शहरानुसार आणि दवाखान्यानुसार खूप बदलतो. तो आधी स्पष्ट विचारा, त्यात संकोच काही नाही. पैशांची अडचण असेल तर तेही सांगा. काय आज करायलाच हवं आणि काय उद्यावर ढकलता येईल, हे डॉक्टर तुम्हाला सांगू शकतात.

आता समजा, पेटीत नीट गोळे आहेत, लघवी होतेय, फक्त पुन्हा पुन्हा आणि थोडी थोडी होतेय. मग जीव मुठीत धरून रात्री धावायची गरज नाही. उद्या, म्हणजे रविवारी जो दवाखाना उघडा असेल तिथे दाखवा. तोपर्यंत मात्र दर चार-पाच तासांनी लघवी होतेय याची खात्री करत राहा, कारण आज मोकळी असलेली वाट उद्या बंद होऊ शकते.

अशा तरुण मांजरांमध्ये मूत्राशयाला सूज येण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण जंतू नसतात. तपासणीत ना जंतू सापडतात, ना मोठे खडे, पण मूत्राशयाचं अस्तर सुजलेलं असतं, कधी लघवीत रक्त असतं. या आजाराचा मनावरच्या ताणाशी घट्ट संबंध आहे. घर बदललं, शेजारी ड्रिलिंग सुरू झालं, घरात बाळ आलं, दुसरं मांजर आलं, दिवाळीचे फटाके वाजले, की आठ-पंधरा दिवसांत असे बोके दवाखान्यात दिसू लागतात. म्हणजे तुमच्या घरच्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. सासूबाईंच्या येण्याने काहीतरी बदललं असेल. पण ताण मूत्राशयात उतरला, तिथे दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणून बोका पेटी टाळतोय. पेटीत गेलं की दुखतं एवढंच त्याला कळलंय, मग तो मऊ जागा शोधतो: गादी, पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग. यात सूड नाही. मांजर कुणाला धडा शिकवायला लघवी करत नाही. म्हणून त्याला रागावू नका, नाक डागाजवळ नेऊन घासू नका. ताण वाढला की सूजही वाढते.

एक गोष्ट नक्की तपासा. घरात नवं माणूस आलं की लिटरची पेटी बहुतेक वेळा जागेवरून हलते. वास येतो म्हणून गॅलरीत जाते, किंवा ज्या खोलीत होती तिचं दार रात्री बंद होऊ लागतं. बोक्याची झोपायची जागा जाते. जेवण देणारा हात बदलतो. सासूबाईंना मांजर आवडतं की नाही, यापेक्षा या तीन गोष्टी कितीतरी महत्त्वाच्या असतात. पेटी जुन्या जागी आणा, आणखी एक पेटी शांत कोपऱ्यात ठेवा. मांजरं जितकी, त्याहून एक पेटी जास्त, असा आमचा साधा नियम आहे. लपायला जागा लागते म्हणून कपाटामागून त्याला ओढून काढण्यापेक्षा त्याच खोलीत एक आडवं खोकं ठेवा. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, कोरडं खाणं कमी करून ओलं वाढवा, पाऊच देत असाल तर त्यात दोन चमचे कोमट पाणी मिसळा. लघवी पातळ राहिली की बूच बसण्याची शक्यता घटते.

बहुतेक बोक्यांची ही सूज आठवडाभरात ओसरते. ओसरते म्हणून औषध नको, असं मात्र नाही, कारण तो आठवडा फार दुखण्याचा असतो आणि वेदनाशामक दिलं की बोका खायला लागतो. अँटिबायोटिक मात्र लघवी तपासून गरज दिसली तरच. तरुण बोक्यांत ती गरज क्वचित पडते, म्हाताऱ्या मांजरांत बऱ्याचदा.

हेही बघा: लघवी करताना बोका बसतो की उभा राहतो? भिंतीकडे पाठ करून, शेपूट ताठ वर करून, ती थरथरवत उभ्यानेच फवारा मारत असेल तर ते हद्द आखणं आहे. नसबंदी झालेले बोकेही ताणाखाली असं करतात. ते वेगळं प्रकरण, त्यात घाई नसते. पलंगावर बसून करणं या प्रकारात मोडत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. ठोकताळा आहे, पण तो दुसऱ्याच्या मांजरावरून काढता येत नाही. मांजर लहान शिकारी प्राणी आहे, आणि स्वतः मोठ्या प्राण्यांची शिकारही आहे. दुखणं उघडं करणं त्याला परवडणारं नसतं. त्यामुळे लंगडणं, ओरडणं, ताप ही लक्षणं उशिरा दिसतात आणि सवयी आधी बदलतात. दवाखान्यात मी सगळ्यात आधी विचारते ते हेच: रोज पहाटे उठवायचा, तो उठवतोय का? फ्रिजवर उडी मारायचा, ती बंद झाली का? दारावरची बेल वाजली की पळायचा की यायचा, आता काय करतो? अंग चाटून साफ ठेवतोय का, की पाठीवर कोंडा आणि गुंता दिसतोय? खेळकर मांजर दोन दिवस लपलं तर ती बातमी आहे. मुळातच भित्रं मांजर पाहुणे आले म्हणून दोन दिवस लपलं, पण रात्री उठून जेवलं, पेटीत जाऊन आलं, तर थांबायला हरकत नाही. म्हणून लपण्याचे तास मोजण्याऐवजी खाणं, लघवी आणि श्वास यांच्याकडे बघा. या तिन्हींपैकी एकही बिघडलं असेल तर वागण्यातला बदल शरीरातून आलाय असं मी धरते.

दुखतंय की नाही हे चेहऱ्यावरूनही कळतं. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत प्रसिद्ध केली. मी ती माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना शिकवते. पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला फिरून एकमेकांपासून लांब गेलेत का, डोळे आवळून बारीक केलेत का, नाक-तोंडाचा गोल भाग ताणून लांबट झालाय का, मिशा सैल वाकलेल्या असण्याऐवजी सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलंय का. झोपेतून नुकतं उठलेलं किंवा खाणारं मांजर बघू नका, जागं आणि स्वस्थ असताना बघा. दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर फोटो काढून डॉक्टरला पाठवा. आणि घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे, असं समजू नका. दुखणारी, अगदी शेवटच्या अवस्थेतली मांजरंही घुरघुरतात.

गुरगुरण्याचंही तसंच. माणसाळलेलं मांजर एकाएकी हात लावू देत नसेल तर कुठे लावू देत नाही हे बघा. पोटाला, कंबरेला, तोंडाला? म्हाताऱ्या मांजराच्या कंबरेवर हात फिरवला की ते फिस्कारतं, कारण सांधे झिजलेले असतात. तोंडाजवळ हात नेऊ देत नसेल आणि लाळ गळत असेल तर दात किंवा हिरड्या.

ताबडतोब निघायच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं ही मांजरात मोठी गोष्ट आहे. कुत्रं जीभ काढून बसतं म्हणून मांजरानेही बसावं असं नाही. खूप पळून किंवा गाडीत घाबरून मिनिटभर झालं आणि थांबलं तर ठीक, नाहीतर थेट दवाखाना. चपट्या तोंडाची पर्शियन मांजरं मे महिन्यात लवकर धापतात, त्यांना थंड खोलीत ठेवा आणि तरीही थांबलं नाही तर वाट बघू नका. गाढ झोपलेल्या मांजराचे श्वास मोजायची सवय लावून घ्या: छाती वर-खाली झाली की एक, मिनिटाला ३० पेक्षा कमी हवेत. मागचे पाय एकाएकी लुळे पडणं, पंजे गार लागणं आणि जिवाच्या आकांताने ओरडणं हे बहुतेक वेळा हृदयविकारातून सुटलेल्या रक्ताच्या गाठीमुळे होतं, अनेकदा त्या आधी आजाराचा मागमूसही नसतो. आकडी येणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, तोल जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या एकाएकी मोठ्या होऊन वस्तूंना धडकणं, हेही त्याच दिवशीचं काम आहे.

खिडकीतून किंवा गॅलरीतून पडलेलं मांजर चालत घरी आलं तरी दाखवा. छातीत रक्तस्राव किंवा तोंडाच्या आतला टाळू फाटलेला असू शकतो आणि ते काही तासांनी कळतं. दोरा गिळला असेल तरी तसंच: गजऱ्याचा दोरा, राखीचा रेशीम, सुईसकट शिवणाचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेलं असतं आणि ओढलं की आतडं कापलं जातं.

ज्या प्रसंगांनी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, ते घरच्या औषधांचे. मांजर गरम लागतंय म्हणून प्रेमाने दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी, क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, मांजराला विष आहे. हे औषध निष्प्रभ करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी धट्ट्याकट्ट्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. दिली गेली असेल तर लपवू नका, लगेच सांगा. अॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो माणसांच्या मोठ्या दवाखान्यांतही मिळतो, आणि जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचंही नाव काढू नका. तुमच्या बोक्याला दुखत असणार, म्हणून हे आवर्जून लिहितेय: मांजरासाठीचं वेदनाशामक डॉक्टर वजन बघून देतील, घरातल्या डब्यातलं काहीही नको.

याच यादीत कुत्र्यांच्या गोचिडांवरचे मानेवर टाकायचे थेंब येतात. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला थरथर आणि आकडी सुरू होते. पुष्पगुच्छातल्या मोठ्या सुवासिक लिलीचं पान, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मांजर असलेल्या घरात तो गुच्छ दारातच ठेवा. फिनॉल असलेलं फिनाईल मांजरांना सोसत नाही. ओल्या फरशीवरून चालतात, पंजे चाटतात, तोंड येतं. पलंगावरचा डाग त्याने पुसू नका. लघवीचे डाग काढायचं एन्झाइमचं द्रावण प्राण्यांच्या दुकानात मिळतं, ते वापरा, नाहीतर त्या वासाने बोका पुन्हा तिथेच जाईल.

एक दिवसाच्या आत न्यायच्या गोष्टींत पहिली म्हणजे न खाणं. मोठ्या मांजराने २४ तास काहीच तोंडात घेतलं नाही तर दाखवा. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते, काही दिवसांत कावीळ होते आणि मग नळीने भरवत बसावं लागतं. तीन महिन्यांखालचं पिल्लू असेल तर अर्धा दिवसही जास्त आहे. लस न दिलेलं पिल्लू उलट्या करतंय आणि पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलंय, पण पीत नाहीये, हे दृश्य कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूच्या जातकुळीतल्या विषाणूने होणाऱ्या मांजरांच्या आजारात दिसतं आणि त्यात तास मोलाचे असतात. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. घरातून बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही द्या, कारण हा विषाणू आपल्या चपलांवरून घरात येतो.

गुरगुरणारा बोका चावला तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून भोक लहान दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. बोक्याची रेबीजची लस चालू असेल आणि तो बाहेर जात नसेल तर ती शंका फार कमी, तरी निर्णय माणसांच्या डॉक्टरांना घेऊ द्या. अनोळखी, रस्त्यावरचं मांजर एकाएकी अंगावर आलं, लाळ गाळतंय, तोल जातोय, तर त्याला पकडायचा प्रयत्न करू नका. चावलं असेल तर रेबीजची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू व्हायला हवीत.

काही गोष्टींसाठी लोक विनाकारण घाबरून रात्री येतात. साधारण पाच-सहा महिन्यांची मांजर जमिनीवर लोळतेय, घसा फोडून ओरडतेय, पाठीवर हात ठेवला की पुढचं अंग दबवून मागचं वर करते आणि मागचे पाय आपटते. मणका मोडला असं वाटतं, पण ती माजावर आलेली असते. खाणं थोडं कमी होतं, आठवडाभर चालतं, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. उपाय नसबंदी. फक्त माज संपून काही आठवड्यांनी ती मलूल झाली, पाणी जास्त पिऊ लागली किंवा खालून घाण जाऊ लागली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, तिथे मात्र थांबायचं नाही. पहाटे घरभर उधळणं, अंगावर पंजांनी कणीक मळल्यासारखं करणं, कबुतर बघून दात किटकिटवणं, गवत खाऊन एखादी उलटी करणं हे सगळं मांजरपण आहे. केसांचा गोळा कधीतरी पडतो. पण मान लांब करून, जमिनीलगत बसून खोकल्यासारखं वारंवार होतंय आणि बाहेर काही पडत नाही, तर तो दमा असू शकतो. त्याचा व्हिडिओ काढा.

दहा वर्षांवरच्या मांजरांत घड्याळ हळू चालतं, म्हणून दुर्लक्ष जास्त होतं. पाणी जास्त पिणं, पेटीतले गोळे मोठे होणं, भरपूर खाऊनही रोडावणं, रात्री उगाच मोठमोठ्याने ओरडणं, हे 'म्हातारपण' म्हणून सोडून देतात. मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह आणि रक्तदाब यांपैकी काहीतरी असतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर गोळ्यांनी, पथ्याने बरीच वर्षं चांगली निघतात. महिन्यातून एकदा वजन करा: मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने. लहान मुलांचा काटा मिळाला तर अधिक नेमकं. तीन किलोच्या मांजराचं ३०० ग्रॅम घटलं म्हणजे दहा टक्के शरीर गेलं. तो आकडा डोळ्यांना दिसत नाही, कारण केस तेवढेच असतात. या तक्रारींसाठी आठवड्याभरात वेळ घेऊन जा.

कुठे जायचं हेही परिस्थितीवर आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात रात्रीचे खासगी दवाखाने आहेत, त्यांचा नंबर आजच शोधून ठेवा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय आहे आणि तिथेच १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही प्राण्यांवर उपचार होतात. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक वेळ गाई-म्हशींत असतात, तरी तुंबलेल्या बोक्याला ते पहिली मदत देऊ शकतात. दोन तास लांबच्या 'मांजरतज्ज्ञा'साठी जवळचा डॉक्टर टाळू नका.

नेताना पिंजरा हवाच, कडेवर किंवा पिशवीत नको. घाबरलेला बोका रस्त्यात सुटला की सापडत नाही. कपाटामागून काढताना अंगावर मोठा टॉवेल टाका, त्यात गुंडाळून शेपटीकडून पिंजऱ्यात सरकवा. मानगूट धरून लटकवू नका आणि पोटाखाली हात घालून उचलू नका. सोबत घ्या: लिटरच्या पेटीचा फोटो, कुंथतानाचा व्हिडिओ, शेवटचं खाणं आणि शेवटची दिसलेली लघवी यांची वेळ, घरात काय बदललं त्याची माहिती, दिलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट. लघवी बाटलीत गोळा करायच्या मागे लागू नका, तपासणीसाठी ती थेट मूत्राशयातून बारीक सुईने घेता येते. दवाखान्यात गेल्यावर पिंजरा जमिनीवर ठेवू नका, बाकावर किंवा मांडीवर घ्या, टॉवेलने झाका, कुत्र्यांपासून लांब बसा आणि तपासणीच्या खोलीचं दार लागेपर्यंत उघडू नका.